पडद्यावरची देवनागरी आणि वाचकाचा डोळा

(शताब्दी-महोत्सवातील व्याख्यान)



ज्या वस्तीत हे वाचनालय उभे आहे, तिचे नावच एका परक्या शब्दाने मराठीत केलेल्या प्रवासाची खूण आहे. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या डी बॉयन या सेनानीने युरोपीय पद्धतीची कवायत शिकवून ज्या पलटणी उभ्या केल्या, त्यांना मराठी कागदपत्रांत ‘कंपू’ असे नाव मिळाले. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि त्या तळाचेच लष्कर नावाचे शहर झाले. पलटणी इतिहासजमा झाल्या, कंपू मात्र राहिला. इतका राहिला, की टोळक्याला ‘कंपू’ म्हणताना हा शब्द बाहेरून आला होता याची मराठी माणसाला आठवणही होत नाही. बाहेरची वस्तू घ्यावी, पण तिला आपल्या मापाची करून घ्यावी, ही मराठीची जुनी रीत आहे.

संगणकाचा पडदा ही अशीच बाहेरून आलेली वस्तू. ती आता घरोघरी आहे, बँकेत आहे, रुग्णालयात आहे आणि ग्रंथालयाच्या देवघेव-विभागातही आहे. मराठी वाचकाच्या मापाची मात्र ती अजून पुरती झालेली नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत पडदे अतिशय सुस्पष्ट झाले. पूर्वी जिथे एक ठिपका मावत असे, तिथे आज चार मावतात. तरीही पन्नाशी ओलांडलेला वाचक नव्या पडद्यासमोर बसतो आणि म्हणतो, “अक्षर फार बारीक आहे हो, दिसत नाही.” पडदा अधिक स्पष्ट आणि वाचन अधिक कठीण, हा विरोधाभास कसा निर्माण होतो आणि त्यावर उपाय कोणता, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम अक्षराच्या मापाची परंपरा पाहू. मराठी दफ्तरांत मोडी लिपी चाले. कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग लेखणी शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे जोडीत जाई. मोडी ही वेगाची लिपी होती. ती लिहिणाऱ्याच्या सोयीची, वाचणाऱ्याची परीक्षा पाहणारी. याउलट ग्रंथांसाठी जी देवनागरी वापरली गेली तिला आपल्या पूर्वजांनी ‘बाळबोध’ म्हटले. मुलालाही बोध व्हावा, असे ते वळण. या एका शब्दात वाचनीयतेचे सारे शास्त्र आले. लिपीची कसोटी वाचणाऱ्याच्या सोयीने लावायची, हा त्याचा अर्थ.

मुद्रणकला आली तेव्हा ही कसोटी पुन्हा लावावी लागली. १८०५ मध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण नागरी खिळ्यांत छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टंकशाळा आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने पोलादावर कोरलेल्या अक्षरांमुळे निर्णयसागरचे वळण देशभर नावाजले गेले. या मंडळींपुढचा प्रश्न आजच्या प्रश्नाहून फारसा निराळा नव्हता. रोमन लिपीसाठी घडलेल्या यंत्रात मात्रा, वेलांटी, रफार, उकार आणि जोडाक्षरे यांना जागा कशी द्यायची? त्यांनी कित्येक शेकडे खिळे पाडले, पण अक्षराचे हातपाय कापले नाहीत. पोथी मोठ्या टाइपात काढली, कारण ती चौरंगावर ठेवून, मांडी घालून, थोड्या अंतरावरून वाचायची असते. वाचक कोण आहे आणि तो किती अंतरावरून वाचणार आहे, हे ठरवूनच टाइपाचे माप ठरत असे.

संगणक घडवणाऱ्यांच्या हातून नेमकी हीच गोष्ट प्रथम निसटली. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर सूक्ष्म चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. बराच काळ एका इंचात सुमारे ९६ पिक्सेल असतात असे गृहीत धरून आज्ञावल्या लिहिल्या गेल्या. बटण किती मोठे, तर अमुक पिक्सेल. अक्षर किती उंच, तर तमुक पिक्सेल. इंच किंवा मिलिमीटर यांचा विचार झाला नाही, कारण पडदे सगळे जवळपास सारखेच होते. मग पडद्यांची घनता वाढू लागली. २०१० मध्ये ॲपलच्या आयफोन ४ मध्ये इंचाला ३२६ पिक्सेल आले, २०१२ मध्ये त्याच कंपनीच्या मांडीवरच्या संगणकात २२० आले आणि हळूहळू टेबलावरचे मोठे पडदेही त्या मार्गाला लागले.

याचा परिणाम एका हिशेबाने स्पष्ट होईल. चोवीस इंची जुन्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० पिक्सेल असतील, तर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल पडतात. सोळा पिक्सेल उंचीची ओळ तिथे सुमारे ४.४ मिलिमीटर भरते. तेवढ्याच आकाराच्या नव्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६० पिक्सेल असतात, म्हणजे इंचाला सुमारे १८४. तीच सोळा पिक्सेलांची ओळ आता २.२ मिलिमीटर होते. आज्ञावलीने काही बदलले नाही, वाचकाने काही बदलले नाही, तरी अक्षर बरोबर निम्मे झाले. गजाच्या जागी फूट धरून कापड मोजावे, तसा हा प्रकार आहे.

यात डोळ्याचा हिशेब मिळवला पाहिजे. पुस्तक आपण साधारण चाळीस सेंटिमीटरांवर धरतो, तर पडदा साठ सेंटिमीटरांवर असतो. अंतर दीडपट झाले की त्याच आकाराचे अक्षर डोळ्याला दोन-तृतीयांश भासते. म्हणजे पुस्तकात १४ पॉइंटचा टाइप ज्याला सुखाने वाचता येतो, त्याला पडद्यावर २१ पॉइंटच्या आसपास हवा. चाळिशीनंतर जवळचे पाहण्याची डोळ्याची शक्ती उतरू लागते. चाळिशीचा चष्मा हातातल्या पुस्तकाच्या अंतराला बेतलेला असतो, पडद्याच्या नव्हे. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी मान वर करावी लागते आणि तासाभरात मानही दुखते. दोष वाचकाचा नसतो, पण तो स्वतःलाच दोष देतो, “वय झाले” म्हणतो आणि उठतो.

या सामान्य अडचणीत देवनागरीची स्वतःची अडचण मिसळते. रोमन अक्षरांचा मुख्य भार एका मधल्या पट्ट्यात असतो. देवनागरीचे तीन मजले आहेत. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. खाली मूळ अक्षर. त्याच्याही खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक बसणारी जोडाक्षरे. जुन्या पडद्यावर १२ पॉइंट म्हणजे सोळा पिक्सेल. त्यांत वरचा आणि खालचा मजला काढला, शिरोरेषेला एक पिक्सेल दिला, की मूळ अक्षराच्या वाट्याला सात-आठ पिक्सेल उरतात. त्यांत ‘द्ध’ची गाठ, ‘क्ष’ची वेटोळी आणि ‘ट्ठ’चे दोन मजले बसवायचे. अक्षराचे पोट बुजते. ठळक केले तर आणखीच बुजते.

आणि देवनागरीत एक ठिपका हरवणे ही किरकोळ बाब नसते. अनुस्वार पुसट झाला की ‘वंश’चा ‘वश’ होतो आणि ‘पंथ’चा ‘पथ’. वेलांटीचे टोक कळले नाही की ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात. उकाराचे वळण दिसले नाही की ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला भेद मिटतो. मराठीचा म्हणून एक खास दागिना आहे. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी. या दोन शब्दांतला फरक एका रफाराचा आणि एका आडव्या ‘र’काराचा आहे. तो पडद्यावर दिसलाच पाहिजे.

म्हणून घन पडदा ही देवनागरीवर आलेली आपत्ती नव्हे, तो तिला मिळालेला न्याय आहे. त्याच मिलिमीटरभर जागेत दुप्पट पिक्सेल मिळाले, तर शिरोरेषा एकसारखी ओढता येते, गाठ मोकळी राहते, अनुस्वार गोल दिसतो. ठशाच्या छपाईशी स्पर्धा करील असे अक्षर पडद्यावर प्रथमच शक्य झाले आहे. अट एकच आहे. वाढलेले पिक्सेल अक्षर अधिक चांगले घडवण्यासाठी खर्चावेत, पडद्यावर अधिक मजकूर कोंबण्यासाठी नव्हे.

ही अट पाळण्याचे तीन मार्ग आजवर अनुसरले गेले. पहिला, पडद्याची घनताच कृत्रिमरीत्या कमी करणे. त्यात अक्षर मोठे होते, पण धूसर होते आणि महाग पडदा घेतल्याचे सार्थक उरत नाही. दुसरा, जुन्या आज्ञावलीने काढलेले चित्र संगणकाने ताणून दाखवणे. विंडोजच्या २००७ सालच्या व्हिस्टा या आवृत्तीत ही युक्ती आली. रबराच्या फुग्यावर लिहिलेले अक्षर फुगा फुगवल्यावर जसे दिसते, तसे ते दिसते. तिसरा मार्ग खरा. आज्ञावलीनेच पडद्याची घनता विचारून घ्यावी, अक्षराची बाह्यरेषा त्या मापाला नव्याने आखावी, आणि अक्षराबरोबर बटण, चौकट, चित्रखूण, दोन ओळींमधले अंतर ही सर्व त्याच प्रमाणात वाढवावीत. विंडोजच्या २०१३ सालच्या ८.१ या आवृत्तीत तर एकाच संगणकाला जोडलेल्या दोन पडद्यांना दोन वेगळी प्रमाणे देण्याची सोय झाली.

प्रमाण वाढवतानाही देवनागरीकडे निराळे लक्ष द्यावे लागते. प्रमाण दुप्पट केले तर हिशेब सरळ असतो. एका पिक्सेलचे दोन होतात. सव्वापट किंवा दीडपट केले तर शिरोरेषा पिक्सेलांच्या मधोमध पडते. मग एका शब्दावरची रेघ जाड, दुसरीवरची बारीक, तर कुठे दोन अक्षरांच्या सांध्यात केसाएवढी फट. रोमन अक्षरे सुटी असतात म्हणून त्यांत हे खपते. आपल्या लिपीत अक्षरे एका रेघेला लोंबलेली असतात, त्यामुळे रेघ तुटली की शब्द तुटल्यासारखा वाटतो.

दुसरा नित्याचा दोष चौकटीचा. आज्ञावलीचा पडदा आधी इंग्रजीसाठी आखला जातो आणि मागाहून त्यात मराठी शब्द ओतले जातात. इंग्रजी ओळीला पुरेल एवढ्याच उंचीची चौकट असते. तीत ‘कीर्ती’चा रफार वर कापला जातो आणि ‘कृष्ण’चा ऋकार खाली. ‘सेव्ह’ या एका शब्दाच्या जागी ‘जतन करा’ असे दोन शब्द येतात आणि दुसरा अर्ध्यावर तुटतो. याला भाषांतरकार जबाबदार नाही. चौकट मजकुराच्या उंची-रुंदीने वाढेल अशी आखली, ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मानाने थोडे सैल ठेवले, तर हा दोष राहत नाही.

या क्षेत्रात मराठी माणसांनी केलेले काम कृतज्ञतेने आठवले पाहिजे. शासकीय मुद्रणालयाचा अनुभव गाठीशी असलेल्या बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांचा तीन खंडांतील महाग्रंथ इंग्रजीत १९७१ मध्ये सिद्ध केला. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले भारतीय लिप्यांचे तंत्र १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला जागतिक संकेतक्रमांक मिळाले. पुढे विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा देवनागरी टंक आला. त्याचे रेखनकार होते सुलेखनकार र. कृ. जोशी. ते १९३६ मध्ये जन्मले आणि २००८ मध्ये निवर्तले. मंगल टंक त्या काळच्या विरळ पडद्यांसाठी घडला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची योग्यता कळते. मूठभर पिक्सेलांत तिन्ही मजले उभे करण्याची कामगिरी त्याने केली. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘निर्मला’ हा टंक आला. गूगलचा ‘नोटो’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे टंक मुक्तपणे उपलब्ध झाले. साधनांची वाण आज राहिलेली नाही. वाण आहे ती निवड करणाऱ्या डोळस माणसाची.

ग्वाल्हेरच्या संदर्भात एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. लिपी एक असली तरी मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देवनागरीची प्रमाणरूपे ठरवून दिली. आधुनिक टंकात दोन्ही वळणे एकत्र ठेवता येतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे संगणकाला सांगितले, की अशी सोय असलेला टंक मराठी वळण दाखवतो. मध्य प्रदेशात संगणकाची भाषा बहुधा हिंदी किंवा इंग्रजी ठेवलेली असते. साहजिकच मराठी मजकूरही हिंदी वळणात उमटतो. हिंदीविषयी इथे तक्रार नाही. या शहरात दोन्ही भाषा सख्ख्या बहिणींसारख्या नांदल्या आहेत. पण थोरल्या बहिणीचे लुगडे धाकटीला नेसवले, तरी तिची ओळख तिलाच ठेवावी लागते.

हा तपशील वरवरचा नाही. महाराष्ट्रात मराठी रस्त्यावरच्या पाट्यांतून, शाळेतून, वर्तमानपत्रांतून अहोरात्र डोळ्यांवर पडते. इथे शाळा हिंदी-इंग्रजीच्या, पाट्या हिंदीच्या, घरातली बोली दोन्हींच्या मिश्रणाची. ज्या शहरात भा. रा. तांब्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे काढली, त्या शहरात लेखी मराठी टिकून आहे ती वाचनालये आणि मोजकी घरे यांच्या आधाराने. आजोबांना पडद्यावरचे मराठी वाचता आले नाही, तर ते नातवाला म्हणतात, “तूच वाचून दाखव.” हिंदीत शिकलेला नातू ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतो, आजोबा दुरुस्त करतात, ही तर आनंदाची गोष्ट झाली. पण पुढच्या वेळी आजोबा विचारतच नाहीत, ही दुःखाची. जे डोळे मराठी चुकते कुठे हे ओळखू शकतात, तेच डोळे पडद्यावरून बाहेर पडले तर दुरुस्ती करणारे कोणी उरत नाही.

वाचनालयाचा तर यात प्रत्यक्ष लाभ गुंतलेला आहे. जुनी पुस्तके पिवळी पडून ठिसूळ झाली आहेत. त्यांची संगणकीय छायाचित्रे घेणे सर्वत्र चालू आहे. डेमी आकाराचे पान साडेपाच गुणिले साडेआठ इंचांचे. इंचाला ३०० ठिपके या मानाने छायाचित्र घेतले तर पानाच्या उंचीत २५५० पिक्सेल होतात. जुन्या पडद्याची उंची १०८० पिक्सेलांची. संपूर्ण पान पाहायचे तर निम्म्याहून अधिक तपशील गळतो आणि तळटीप वाचताच येत नाही; तपशील पाहायचा तर पानाचा तुकडाच दिसतो. २१६० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर जवळजवळ सर्व तपशील राखून अख्खे पान उभे राहते. पडदा पुरेसा मोठा घेतला, तर निर्णयसागरचा टाइप कारागिराच्या हाताची खूण कळेल इतका स्वच्छ दिसतो. ग्रंथालयासाठी घन पडद्याचे याहून मोठे समर्थन नाही.

यासाठी करावयाच्या गोष्टी थोड्या आणि अल्प खर्चाच्या आहेत. ज्येष्ठ सभासदांसाठी निदान एक पडदा २७ इंचांच्या आसपासचा असावा आणि त्याचे मांडणी-प्रमाण दीडपट किंवा दुप्पट ठेवावे. पडदा टेबलावर थोडा खाली असावा, म्हणजे दुहेरी चष्म्याच्या वाचकाला मान उचलावी लागत नाही. संकेतस्थळ पाहताना ‘कंट्रोल’ आणि अधिक चिन्हाची कळ एकदम दाबली की मजकूर वाढतो, एवढी सूचना मोठ्या अक्षरांत शेजारी चिकटवावी. पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांची फॅशन टाळावी. महाजालाच्या सुगम्यतेचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले जागतिक निकष सांगतात, की सामान्य आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला उजळपणाचा विरोध किमान साडेचारास एक असावा आणि मजकूर दुप्पट केला तरी पानाचे कोणतेही काम अडू नये.

ग्रंथसूचीची आज्ञावली विकत घेण्याआधी विक्रेत्यासमोर काही शब्द लिहून पाहावेत: कीर्ती, कृष्ण, लठ्ठ, उद्धव, कुऱ्हाड, आचाऱ्यांना. प्रमाण शंभर टक्के, दीडशे टक्के आणि दोनशे टक्के ठेवून ते तिन्ही वेळा तपासावेत. रफार कापला गेला, गाठ बुजली, शिरोरेषा तुटली किंवा बटण चौकटीबाहेर गेले, तर ती आज्ञावली मराठी ग्रंथालयाच्या उपयोगाची नाही. कापड घेताना आपण ते उजेडात धरून पाहतो. इथेही तेवढीच दक्षता पुरे आहे. आणि अशी परीक्षा पाहायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. नियमित वाचणारा, अक्षर ओळखणारा सभासद लागतो. असे सभासद हीच या संस्थेची शंभर वर्षांची कमाई आहे.

पूर्वजांनी मुलांना कळावे म्हणून ग्रंथाचे अक्षर बाळबोध ठेवले. आज ज्येष्ठांना दिसावे म्हणून पडद्याचे अक्षर वृद्धबोधही केले पाहिजे. जे साठीच्या वाचकाला सुखाने वाचता येते, ते सोळाव्या वर्षाच्या वाचकालाही अधिक सुखाचे होते. त्यात कोणाचे नुकसान नाही. आश्रयदात्यांनी या वाचनालयाला आजवर कपाटे दिली, ग्रंथ दिले, दिवे दिले. शताब्दीच्या निमित्ताने एक चांगला पडदा आणि त्यावर चोख मराठी अक्षर यांची जोड त्या दानात पडावी, एवढीच विनंती.

वाचनालयाच्या दुसऱ्या शतकास मनःपूर्वक शुभेच्छा.